इंग्रजीतील ‘इफ’ आणि आपले ‘जर-तर’

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरव समारंभात बोलावयास उभे राहणाऱ्याने मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. चिटणीसांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा ‘विषय आपल्या आवडीचा घ्यावा’ असे सांगितले. आम्ही शिस्तीवर अथवा वाचनाच्या महत्त्वावर बोलू, अशी त्यांची कल्पना असावी. आम्ही विषय कळविला, ‘इंग्रजी व्याकरणातील संकेतार्थी वाक्ये.’ दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली आणि मग चिटणीस ‘बरे’ म्हणाले. त्या ‘बरे’चा अर्थ न समजण्याइतके आम्ही भोळे नाही. तरीही हाच विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहण्यास एक कारण आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे.

आम्ही इंग्रजीचे पंडित नव्हे. १९७५ साली दहावीची शालान्त परीक्षा प्रथमच झाली, तिच्या त्या पहिल्या तुकडीत आम्ही उत्तीर्ण झालो. घरातील वडीलमंडळी तिला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढे अध्यापनाची पदविका घेतली, जिल्हा परिषदेच्या शाळांतून नोकरी केली आणि २०१७ साली निवृत्त झालो. शाळेत आमच्याकडे सातवीपर्यंतचेच वर्ग असत. परंतु संध्याकाळी दहावीची मुले घरी इंग्रजी शिकावयास येत. त्यांत बहुतेक आपल्याच ज्ञातीतील असत, कारण आमचे बिऱ्हाड ज्ञातिबांधवांच्या वस्तीतच होते. त्यांच्याकडून आम्ही शुल्क घेत नसू. फुकट शिकविलेले चुकीचे शिकविले तरी चालते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये.

त्या मुलांपैकी एकाची हकीगत सांगतो. त्याचे नाव येथे घेत नाही. मुलगा हुशार, हाताचा कुशल. दहावीनंतर शिवणकामाचे रीतसर प्रशिक्षण घेऊन मुंबईस तयार कपडे परदेशी पाठविणाऱ्या एका कारखान्यात बेतण्याच्या विभागात मदतनीस म्हणून लागला. दोन वर्षांनी, १९९८ साली, त्याच धंद्यातील एका मोठ्या कारखान्यात वरच्या जागेसाठी त्यास मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखत इंग्रजीत होती. समोरच्या गृहस्थांनी विचारले, ‘इफ यू वेअर इन चार्ज ऑफ द कटिंग सेक्शन, व्हॉट वुड यू डू फर्स्ट?’ मुलाने उभ्याउभ्या उत्तर दिले, ‘नो सर. आय वॉज नॉट इन चार्ज. आय वॉज हेल्पर ओन्ली.’

प्रश्न पुन्हा विचारला गेला. त्यानेही तेच उत्तर, अधिक नम्रतेने, पुन्हा दिले. जागा दुसऱ्यास मिळाली.

दिवाळीत गावी आला तेव्हा तो आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, ‘गुरुजी, त्यांनी भूतकाळात विचारले. मी खोटे कसे सांगू? मी प्रमुख कधीच नव्हतो. जे खरे ते सांगितले. माझे काय चुकले?’

त्याचे काही चुकले नव्हते, चूक आमची होती. ‘वॉज म्हणजे होता, वेअर म्हणजे होते’ असे आम्ही त्याच्या वहीत लाल शाईने लिहून दिले होते. ‘इफ आय वेअर अ किंग’ हा निबंधही त्याच्याकडून पाठ करून घेतला होता; पण राजा नसताना तेथे ‘वेअर’ काय करतो, हे त्यास कधी सांगितले नाही, कारण आम्हांसच ते नीट ठाऊक नव्हते. तेवढ्या एका वाक्याने त्याची जागा गेली, असे ठामपणे म्हणता येत नाही. मुलाखत घेणाऱ्यांच्या मनात काय होते, हे आम्हांस कसे कळावे? परंतु एका प्रामाणिक मुलास प्रश्नाचा अर्थच लागला नाही आणि तो आम्ही शिकविलेल्या व्याकरणामुळे लागला नाही, एवढे निश्चित. त्या दिवाळीनंतर आम्ही हे प्रकरण नव्याने शिकावयास बसलो. तेव्हा आमचे वय चाळिशीच्या घरात होते.

पुस्तके होतीच. वडिलांच्या पिढीने ज्यावर इंग्रजी गिरविले ती तर्खडकर पाठमाला घरात होती. रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण एका हायस्कुलातील स्नेह्यांकडून मागून आणले. (यांतील रेनसाहेब पूर्वी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि पुढे फ्रेंच परदेशी पलटणीवरील ‘बो जेस्त’ ही त्यांची कादंबरी १९२४ साली जगभर गाजली. व्याकरण लिहिणारा मनुष्य रुक्षच असला पाहिजे असे नाही.) नियम वाचले, ते समजले, आणि मुलांना सांगितले. मुलांनी पूर्वीच्याच चुका केल्या. तेव्हा ध्यानात आले की पुस्तकात सर्व काही इंग्रजीच्या बाजूने सांगितलेले आहे. आपले मूल मात्र इंग्रजीकडे मराठीच्या दारातून जाते, आणि त्या दाराच्या उंबऱ्यावर ते कोठे अडखळते, हे त्या पुस्तकात असणार कसे? ते आपले आपणच शोधावे लागते. आम्ही मुलांच्या चुका एका वहीत उतरवून काढू लागलो आणि प्रत्येक चुकीमागे कोणते मराठी वाक्य उभे आहे ते तिच्याशेजारी लिहू लागलो.

पहिली गोष्ट सापडली ती अगदी साधी. आपण मराठीत ‘जर’ बहुधा गाळतो आणि ‘तर’ कधीही गाळत नाही. ‘पाऊस आला तर शाळा सुटेल.’ यात ‘जर’ कोठे आहे? कोणासही त्याची उणीव भासत नाही. उलट ‘जर पाऊस आला, शाळा सुटेल’ असे म्हणून पाहा. वाक्य लंगडे होते. इंग्रजीचा व्यवहार बरोबर उलटा आहे. तेथे ‘इफ’ सहसा गाळत नाहीत आणि ‘देन’ची गरज पडत नाही. म्हणून आपली मुले प्रत्येक वाक्यात ‘देन’ घालतात, आणि बोलण्याच्या ओघात ‘इफ’ विसरतात. मराठीत अटीची खूण मध्यावर येते, इंग्रजीत ती आरंभीच येते. वाक्य सुरू करण्यापूर्वीच इंग्रजी बोलणाऱ्यास ठरवावे लागते की आपण अट घालीत आहोत. आपल्यास ते अर्ध्या वाटेत ठरविले तरी चालते. मुलांस एवढे दाखवून दिले की त्यांच्या जिभेवरील ‘देन’ आपोआप कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ‘तो आला तर मी जाईन’ हे वाक्य घ्या. तो अद्याप आलेला नाही, येईल की नाही हे ठाऊक नाही, गोष्ट उद्याची आहे. तरीही आपण ‘आला’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, अर्थ भविष्याचा! आपण मराठी माणसे हे दिवसातून दहा वेळा बोलतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूल मात्र त्याचे सरळ भाषांतर करते : ‘इफ ही केम, आय विल गो.’ काही मुले ‘येईल’ हे रूप डोक्यात धरतात आणि ‘इफ ही विल कम, आय विल गो’ असे लिहितात. इंग्रजीस ही दोन्ही नकोत. तिला हवे ‘इफ ही कम्स, आय विल गो.’ अटीच्या भागात साधा वर्तमानकाळ आणि फळाच्या भागात ‘विल’. भविष्याची खूण दोन भागांत मिळून एकदाच.

(‘इफ यू विल वेट अ मिनिट’ असे साहेब म्हणताना आपण ऐकले असेल. ते ‘विल’ भविष्याचे नव्हे. ‘थांबण्याची कृपा कराल तर’ अशा विनंतीचे ते आहे. हे एका चाणाक्ष मुलीने आम्हांस विचारले तेव्हा उत्तर देण्यास आम्हांस आठ दिवस लागले.)

तिसरी गोष्ट हीच त्या मुलाखतीची गुरुकिल्ली होय. येथे आम्ही पुस्तक बाजूस ठेवून वडिलांच्या दुकानात जातो.

आपल्या ज्ञातीत कातर आणि मशीन न पाहिलेले घर विरळाच. आमचे वडील बाजारपेठेतील एका बोळाच्या तोंडाशी शिवणकाम करीत. गिऱ्हाईक कापड घेऊन येई. वडील ते फळीवर पसरून मापे घेत, खडूने खुणा करीत आणि मग कातर चालवीत. आता असे समजा की गिऱ्हाइकाने घडी तशीच समोर ठेवली आहे, अद्याप उलगडून मोजलेली नाही. शिंपी म्हणतो, ‘कापड पुरेसे असले तर बाही लांब करीन.’ पुरेल किंवा न पुरेल. इंग्रजीत : ‘इफ आय हॅव इनफ क्लॉथ, आय विल मेक लाँग स्लीव्ह्ज.’ दार उघडे आहे.

मग त्याने कापड मोजले. ते कमी भरले. गिऱ्हाईक अजून समोर बसलेले आहे, कातर अजून लावलेली नाही. शिंपी म्हणतो, ‘कापड पुरेसे असते तर बाही लांब केली असती.’ इंग्रजीत : ‘इफ आय हॅड इनफ क्लॉथ, आय वुड मेक लाँग स्लीव्ह्ज.’ गोष्ट आताचीच आहे, या घटकेची. ‘हॅड’ आले म्हणून ती कालची झाली नाही. ‘हॅड’ एवढेच सांगते की पुरेसे कापड येथे नाही, ते केवळ मनात आहे.

आता तिसरा प्रसंग. सदरा शिवून झाला, गिऱ्हाईक तो घालून गेले, पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन परत आले की बाह्या आखूड आहेत. शिंपी काय म्हणेल? ‘कापड पुरेसे असते तर बाही लांब केली असती.’ मंडळी, ऐकलेत ना? दुसऱ्या प्रसंगातील वाक्य जसेच्या तसे! मराठी दोन्ही ठिकाणी एकच वाक्य वापरते, आणि बोलणे आजचे की गेल्या आठवड्याचे हे ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजी तसे करू देत नाही. तिला येथे नवे वाक्य हवे : ‘इफ आय हॅड हॅड इनफ क्लॉथ, आय वुड हॅव मेड लाँग स्लीव्ह्ज.’ मुलांस ‘हॅड हॅड’ ऐकून हसू येते. त्यांस हसू द्यावे. हसताना ते लक्षात राहते.

म्हणजे हिशेब असा झाला. उघड्या अटीत मराठी भूतकाळाचे रूप घालते, तेथे इंग्रजी वर्तमानाचे घालते. मनातल्या अटीत मराठीचे एक रूप आहे, तेथे इंग्रजीची दोन आहेत. आपल्या मुलाने ‘इफ ही केम’ म्हटले की त्याच्या मनात ‘आला तर’ असते, पण ऐकणाऱ्या इंग्रजास वाटते की हा येण्याची शक्यताच मानीत नाही. आणि इंग्रजाने ‘इफ यू वेअर’ म्हटले की तो म्हणत असतो ‘तुम्ही असता तर’, पण आपल्या मुलास ऐकू येते ‘तुम्ही होता’. दोन्ही भाषांनी भूतकाळाची वस्त्रे काढून दुसऱ्याच कामास घातली आहेत, मात्र दोघींनी ती वेगवेगळ्या कामास घातली. आमचा तो विद्यार्थी या दोन कामांच्या मध्ये सापडला.

आपल्या शालेय मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितलेले असतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. संकेतार्थाचे उदाहरण देऊन गुरुजी पुढे जातात, मुलेही एका गुणासाठी ते पाठ करतात. आमचे नम्र मत असे की इंग्रजीचा ‘इफ’ शिकविण्यापूर्वी मराठीच्या तासाला दोन दिवस या संकेतार्थात घालवावेत. स्वतःची भाषा काय करते हे ज्यास ठाऊक नाही, त्यास दुसरी भाषा वेगळे काय करते हे दिसणार कसे? इंग्रजी लवकर सुरू केल्याने हे काम आपोआप होत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्या व्यवस्थेत शिकलेली मुले आमच्यासमोर बसतात. त्यांचा शब्दसंग्रह आमच्या पिढीपेक्षा कितीतरी मोठा आहे, उच्चारही चांगले आहेत. परंतु ‘हॅड हॅड’पाशी तीही थबकतात.

भूतकाळाचे रूप भूतकाळ का दाखवीत नाही, असे मुले विचारतात, आणि हा प्रश्न योग्य आहे. आम्ही त्यांस म्हणतो की ते रूप काळाचे नाही, अंतराचे आहे. समोरच्या वस्तुस्थितीपासून एक पाऊल मागे सरून बोलणे. मराठीतही आपण हे करतो. दुकानात जाऊन ‘मला अस्तराचे कापड हवे होते’ असे म्हणतो. तेव्हा ते काल हवे होते आणि आज नको, असा अर्थ कोणी घेतो काय? ‘आपल्याकडे जरा काम होते’ म्हणत पाहुणा येतो, आणि काम तर अजून व्हावयाचेच असते. अदबीने एक पाऊल मागे सरावयाचे, म्हणून ‘होते’. इंग्रजीने हेच पाऊल अदबीसाठी वापरले आहे आणि कल्पनेसाठीही वापरले आहे. हे उदाहरण दिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो नियम फळ्यावर लिहून कधी पडला नाही.

आता सरावाविषयी. हे प्रकरण समजून येत नाही, बोलून येते. २०१७ पासून आपल्या मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी आम्ही वर्ग घेतो. तेथे फरशीवर खडूने तीन रेघा ओढतो, एकामागे एक. पहिल्या रेघेवर उभे राहून उघड्या अटीचे वाक्य बोलावयाचे. एक पाऊल मागे, दुसऱ्या रेघेवर, आताच्या कल्पनेचे. आणखी एक पाऊल मागे, तिसऱ्या रेघेवर, होऊन गेलेल्या गोष्टीचे. ‘हॅव’, ‘हॅड’, ‘हॅड हॅड’. पाय मागे सरतो तसे क्रियापदही मागे सरते. शेजारच्या खोलीत महिला मंडळाची सभा चालते. आमची ही कवाईत पाहून त्यांतील एका भगिनीने ‘गुरुजी, नाच बसविताय काय?’ असे विचारले होते. असो.

पहिल्या रेघेवर आम्ही साखळी चालवितो. एकाचे फळ ती दुसऱ्याची अट. पहिला म्हणतो, ‘इफ इट रेन्स, द रोड विल बी वेट.’ दुसरा : ‘इफ द रोड इज वेट, द बस विल बी लेट.’ तिसरा : ‘इफ द बस इज लेट, आय विल मिस द टेस्ट.’ प्रत्येक वेळी मागच्याचे ‘विल’ टाकून द्यावे लागते, ‘विल बी’चे ‘इज’ करावे लागते. जी चूक काढण्यास वर्ष लागे ती दोन रविवारांत जाते. एका गृहस्थाने, वय वर्षे बारा, साखळीचा शेवट असा केला : ‘इफ आय मिस द टेस्ट, आय विल बी व्हेरी हॅपी.’ व्याकरण निर्दोष होते, आम्ही काय बोलणार?

या पहिल्या रेघेवरच मोठ्या मुलांस आम्ही किपलिंगची ‘इफ’ नावाची कविता वाचावयास देतो. किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईतला, १८६५ सालचा. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. कविता १९१० साली पुस्तकात आली. तिच्या बत्तीस ओळी मिळून सबंध एकच वाक्य आहे. अटीमागून अटी येत राहतात आणि फळ अगदी शेवटी येते. कवीच्या राजकीय मतांशी आमचे जमत नाही. परंतु अटी सगळ्या उघड्या ठेवल्या आहेत, बापाने मुलास ‘तू हे केले असतेस तर’ असे एकदाही म्हटलेले नाही, हे आम्ही मुलांच्या नजरेस आणून देतो. पालकांच्याही आणतो.

दुसऱ्या रेघेसाठी आपल्याकडे पिढीजात वाक्य तयारच आहे : आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते. ‘इफ आंट हॅड अ मस्टाश, वी वुड कॉल हर अंकल.’ या वाक्यात भूतकाळ शोधून दाखवा, असे म्हटले की मुले स्वतःच म्हणतात, ‘गुरुजी, आत्याला काल तरी कुठे मिशा होत्या?’ झाले! ‘हॅड’चे कोडे सुटले. ‘वेअर’चेही तसेच. ‘इफ आय वेअर’च्या जागी ‘इफ आय वॉज’ असे आता इंग्रज लोकही बोलतात. लिहिताना, विशेषतः अर्ज लिहिताना, ‘वेअर’ धरून राहावे.

तिसऱ्या रेघेवर मुले क्रिकेटवर बोलतात, आणि आम्ही त्यांस अडवीत नाही. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताचा डाव १८३ धावांत आटोपला होता. रिचर्ड्स ३३ धावांवर खेळत असताना मदनलालच्या चेंडूवर त्याने उंच फटका मारला आणि कपिलदेवने मागे धावत जाऊन तो झेलला. वेस्ट इंडीज १४० धावांत बाद झाले. ‘इफ कपिल हॅड ड्रॉप्ड दॅट कॅच, वी वुड हॅव लॉस्ट.’ एखादा मुलगा उठून म्हणतो, नाही, तरीही जिंकलो असतो. मग दोन्ही बाजूंनी पंधरा मिनिटे वाद चालतो, सगळा ‘वुड हॅव’ आणि ‘वुड नॉट हॅव’मध्ये. ज्या सामन्याच्या वेळी त्यांचे वडीलही शाळकरी होते, त्यासाठी मुले इतक्या तळमळीने भांडतात आणि क्रियापद एकदाही चुकत नाही! फळ्यावरची पन्नास वाक्ये भरून घेऊन हे साधत नाही.

‘अनलेस’विषयी दोनच शब्द. त्याच्या पोटात ‘नॉट’ आधीच आहे. आपण ‘जोवर तो येत नाही तोवर’ असा नकार मराठीत घालतो, म्हणून मुले ‘अनलेस ही डज नॉट कम’ लिहितात. दोन नकार होतात आणि अर्थ उलटतो. ‘आल्याशिवाय’ हा शब्द मनात धरावा. त्यात क्रियापदास वेगळा नकार नाही, तसाच तेथेही नाही.

काही पालक विचारतात, गुरुजी, आता भ्रमणध्वनीत मराठी वाक्य टाकले की इंग्रजी वाक्य बाहेर पडते, मग एवढा खटाटोप कशास? यंत्राचा आम्हांस राग नाही, आम्हीही ते वापरतो. परंतु ‘कापड पुरेसे असते तर बाही लांब केली असती’ हे वाक्य त्यास दिले, तर ते आजचे की गेल्या आठवड्याचे हे मराठी वाक्यातच नाही. यंत्राने ते कोठून आणावे? त्यास एक वाक्य निवडावेच लागते. ते बरोबर निवडले गेले की नाही, हे दोन्ही वाक्ये ठाऊक असणाऱ्यासच कळते. आणि मुलाखतीस खिशातले यंत्र काढून बसता येत नाही, हे सांगावयास नको.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. तो पुढे मुंबईत फार राहिला नाही. तालुक्याच्या गावी त्याने दुकान घातले. शाळांचे गणवेश शिवतो, चार माणसे हाताखाली आहेत. दुकान चांगले चालते, आणि आम्हांस भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराने आम्ही दरवेळी थोडे ओशाळतो. त्याची मुलगी नववीत आहे. दर रविवारी तो तिला मोटारसायकलवरून आपल्या सभागृहाशी आणून सोडतो आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर बाकावर बसतो. आत या म्हटले तर येत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही मुलांस सांगितले की आपल्या घरातील खऱ्या गोष्टीवर तिसऱ्या रेघेचे एक वाक्य लिहून आणा. बहुतेकांनी परीक्षेवर लिहिले : अधिक अभ्यास केला असता तर अधिक गुण मिळाले असते. या मुलीने उभे राहून वाचले : ‘इफ माय फादर हॅड अंडरस्टुड दॅट क्वेश्चन, ही वुड बी इन मुंबई नाऊ, अँड आय वुड नॉट बी इन धिस क्लास.’

मंडळी, हे वाक्य आम्ही शिकविलेले नव्हते. त्याची अट तिसऱ्या रेघेवर आहे, होऊन गेलेली. आणि फळ दुसऱ्या रेघेवर आहे, आजचे. एक पाय एका रेघेवर, दुसरा दुसऱ्या. इंग्रजीत असे मिश्र वाक्य चालते, शुद्ध आहे. परंतु ते पुढच्या वर्षी घ्यावे असे आम्ही ठरविले होते. तिला हा प्रश्न कोणी सांगितला, हे विचारण्याची गरज नव्हती. आम्ही वही हातात घेतली, दोनदा वाचली. ‘अंडरस्टुड’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी होते, तेवढे भरले आणि खाली बरोबरची खूण केली. मग तिला म्हणालो, ‘वही वडिलांना दाखव.’ ‘त्यांनीच मला इफचा भाग आधी म्हणून दाखवला, गुरुजी,’ ती म्हणाली. ‘वुडचा भाग माझा आहे.’

बाहेर बाकावर तो बसला होता. आम्ही खिडकीतून पाहिले, पण त्यास हाक मारली नाही.

आमचा वर्ग रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ असतो. सातवीपासून पुढचे कोणीही यावे, शुल्क नाही. वही दोनशे पानी आणावी, कारण चुका लिहावयास जागा पुष्कळ लागते. ज्या पालकांस स्वतः शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी येत्या महिन्यापासून साडेनऊ ते साडेदहा असा निराळा वर्ग घेण्याचे ठरविले आहे. मंडळाने त्यासाठी सभागृहाचे भाडे माफ केले, याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि कार्यकारी मंडळाचे आम्ही आभारी आहोत. पालकांच्या वर्गासाठी आजवर तीन नावे आली आहेत. नावे चिटणीसांकडे द्यावीत.